नागपूरच्या उन्हात जुनी अमेरिकन गाडी: वाचकांचे प्रश्न

जुन्या शेवरले, डॉज, प्लिमथ गाड्यांबद्दल नागपूर आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. गाडी घ्यायची कशी, उन्हाळ्यात चालवायची कशी, शर्यतीत उतरवता येईल का, असे प्रश्न त्यात जास्त आहेत. अनेकांच्या कामी येतील ते इथे घेतले आहेत. मापं जिथे इंचात आणि थाऊत आहेत तिथे तशीच ठेवली आहेत, कारण या गाड्यांचे पाने, फीलर गेज आणि मॅन्युअल सगळं इंचातच आहे. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

प्रश्न: कामठीत १९४८ची शेवरले फ्लीटमास्टर विकायला आहे. मालक म्हणतात इंजिन मूळचंच आहे, थोडंफार काम निघेल. बघायला जाताना काय तपासावं?
– अ. दे., धरमपेठ

उत्तर: आधी नंबर, मग इंजिन, मग पत्रा. रंग आणि सीटकव्हर शेवटी बघा.

पुढच्या दरवाजाच्या बिजागरीच्या खांबावर सीरियल नंबरची पट्टी असते. अमेरिकेत तयार झालेल्या गाडीत त्यातली दोन इंग्रजी अक्षरं वर्ष आणि मॉडेल सांगतात. १९४६ला डीजे आणि डीके, १९४७ला ईजे आणि ईके, १९४८ला एफजे आणि एफके. यातलं ‘के’ म्हणजे फ्लीटमास्टर, ‘जे’ म्हणजे साधी स्टाइलमास्टर. तुम्हाला एफके सापडायला हवं. ईके दिसलं तर गाडी १९४७ची आहे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना होता. तिथून निघालेल्या गाडीची पट्टी वेगळी असू शकते, त्यामुळे पट्टी वेगळी दिसली म्हणून लगेच शंका घेऊ नका. मात्र पट्टीचे रिव्हेट नवे दिसले तर जरूर विचारा.

इंजिन नंबर ब्लॉकच्या उजव्या अंगाला, डिस्ट्रिब्युटरच्या मागे ठोकलेला असतो. तिथला रंग आणि ऑइलचा थर वायर ब्रशने काढून नंबर आरसी बुकाशी जुळवा. नुसत्या फोटोवर विश्वास ठेवू नका.

आता इंजिन मूळचं की बदललेलं. १९४८च्या गाडीत २१६ घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन हवं. त्याच्या बाजूचं पुशरॉडचं झाकण उंच असतं, पार स्पार्क प्लगच्या भोवतीपर्यंत जातं, आणि वरचं टॅपेट कव्हर मधोमध दोन नटांनी धरलेलं असतं. बाजूचं झाकण आखूड आणि टॅपेट कव्हरला कडेने चार स्क्रू असतील, तर ते बहुधा १९५४नंतरचं २३५ घनइंचाचं इंजिन आहे. चालवायला २३५ सरस. त्यात बेअरिंगला पूर्ण दाबाने ऑइल मिळतं. २१६मध्ये कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) ओतलेली असतात आणि रॉडच्या तळाशी असलेल्या डिपरने, म्हणजे छोट्या पळीने, ऑइल उचललं जातं. म्हणजे २३५ बसवलेली गाडी मूळ स्वरूपात नाही, पण महामार्गावर जास्त टिकते. तुम्हाला स्पर्धेत मांडायची आहे की चालवायची आहे, त्यावर भाव ठरवा.

डिझेल बसवलेली गाडी मात्र वेगळी गोष्ट. आपल्याकडे पेट्रोल परवडेना तेव्हा कित्येक अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिनं घातली गेली. पुढे कोणी पुन्हा पेट्रोल इंजिन बसवलं, पण आरसीवर इंधन डिझेलच राहिलं, असं आढळतं. इंधनाचा रकाना बघायला विसरू नका. चेसिसवर कापून वेल्डिंग केलेल्या इंजिन माउंटिंगच्या खुणा त्याची साक्ष देतात.

गाडी सुरू करून वीस मिनिटं गरम होऊ द्या. २१६च्या ऑइल गेजचा आकडा ३० पौंडांपर्यंतच असतो. रस्त्यावर धावताना चौदा पौंडांच्या आसपास दाब दिसला की ठीक, आणि गरम इंजिन आयडलला काटा खाली आला तर घाबरू नका, या इंजिनाची रचनाच तशी आहे. आवाज मात्र ऐका. ताशी ४० किमीला अॅक्सिलरेटर हलकेच सोडल्यावर ठकठक आली तर रॉडचं बेअरिंग ढिलं आहे. कोणत्या सिलिंडरचं, ते शोधायला इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढा. ज्याची काढल्यावर ठकठक दबते, तो रॉड. ऑइलपॅन उतरवून रॉडच्या कॅपखालची शिम (पातळ पत्र्याची पट्टी) काढली की हे ढिलेपण बसतं. व्हाइट मेटल वितळून गेलं असेल तर नव्याने भरून बोअर करावं लागतं, आणि ते काम येणारा कारागीर आधी शोधून ठेवा.

कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरचं घ्या, प्लग सगळे काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून. एकूण आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. १० पौंडांपेक्षा जास्त तफावत असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर व्हॉल्व्ह.

शेवटी पत्रा. चुंबकाला पातळ कापड गुंडाळा आणि दरवाजांची खालची कड, मागच्या मडगार्डचा जोड, डिकीचा तळ, विंडशील्डखालच्या हवेच्या झडपेभोवतीचा भाग फिरवून बघा. चुंबक सुटला तिथे पुट्टी आहे. गाडीखाली शिरून बॉडी ज्या ठिकाणी चेसिसवर बोल्टने टेकते त्या प्रत्येक जागी पेचकस टोचा.

यांत्रिक दोषांना फार घाबरायचं कारण नाही. किंगपिनचे बुश लेथवर गनमेटलचे होतात, क्लच प्लेटला लायनिंग मारून मिळतं, कॉर्कची गॅस्केटं कापून होतात. पण जाळी, मागच्या दिव्याची काच, दरवाजाचे हँडल, डॅशबोर्डची घड्याळं यातलं काही नसेल तर ते अमेरिकेतून मागवावं लागतं आणि सीमाशुल्कासह फार महाग पडतं. म्हणून इंजिन बंद पण सगळे भाग जागेवर असलेली गाडी, चालू इंजिनाच्या पण अर्धवट गाडीपेक्षा बरी.

प्रश्न: गाडीचं आरसी बुक फार जुनं आहे, त्यावर मध्य प्रदेशचा शिक्का आहे. ती महाराष्ट्रात बेकायदा ठरेल का? व्हिंटेज नोंदणी करून घ्यावी का?
– स. वा., महाल

उत्तर: शिक्का बघून दचकू नका. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती, मग विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. त्यामुळे गाडी नागपुरातून कधीही न हलता तिच्या कागदांवर तीन राज्यांची नावं असू शकतात. खरा प्रश्न वेगळा आहे: पुढची नूतनीकरणं झाली आहेत का, आणि आजच्या संगणकीय नोंदीत गाडी आहे का. पैसे देण्याआधी आरटीओतून नोंदीचा उतारा मागा. विक्रेता दिवंगत मालकाचा वारस असेल तर वारस हस्तांतर आधी त्याच्या नावावर होऊ द्या.

व्हिंटेज नोंदणीचे नियम जुलै २०२१मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. अर्ज फॉर्म २०वर, नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि पुनर्नोंदणीचं शुल्क ५,००० रुपये. नव्याने नोंदलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, आधीच नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवते. पण अट नीट वाचा. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती आणि त्यासाठीचं येणं-जाणं, एवढंच. दर रविवारी फुटाळ्याला चक्कर मारायची असेल तर साधी नोंदणी चालू ठेवून दर पाच वर्षांनी तपासणी करून घेणं सोयीचं.

गाडी डाव्या स्टिअरिंगची असेल तर आणखी एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२०प्रमाणे तिला चालू स्थितीतला यांत्रिक किंवा विजेचा इशारादर्शक हवाच. हात बाहेर काढून चालणार नाही.

प्रश्न: माझी १९५०ची प्लिमथ एप्रिलपासून तापून राहिली. रेडिएटर साफ केला, पंखा बदलला, थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी वर्धा रोडवर वीस मिनिटांत काटा वर. काय राहिलं?
– प्र. बो., खामला

उत्तर: बहुतेक ब्लॉकमधली पाणी वाटणारी नळी.

प्लिमथ आणि डॉजच्या साइड व्हॉल्व्ह सहा सिलिंडर इंजिनात वॉटर पंपाच्या मागे ब्लॉकच्या पूर्ण लांबीची एक चपटी नळी असते. तिच्या खाचांतून थंड पाणी प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटजवळ सोडलं जातं. मूळ नळी पत्र्याची असल्याने गंजते. गंजली की सगळं पाणी पुढच्या दोन सिलिंडरांपाशीच बाहेर पडतं आणि मागच्या पाच आणि सहा नंबरला कोमट, साचलेलं पाणी उरतं. रेडिएटर कितीही चांगला असला तरी तिथले व्हॉल्व्ह जळतात.

खात्री करायला इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. इंजिन गरम झाल्यावर हेडच्या पुढच्या टोकाचं आणि मागच्या टोकाचं तापमान घ्या. मागचं टोक दहा अंशांहून जास्त गरम असेल तर नळीच दोषी धरा. रेडिएटर आणि वॉटर पंप उतरवा, नळीच्या तोंडात आकडा अडकवून सरळ ओढा. गंजलेली असेल तर तुकड्यातुकड्यांनी येते. एकही तुकडा आत राहू देऊ नका. नवी नळी पितळेची घ्या. मागवायची नसेल तर हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या चांगल्या वर्कशॉपकडून करून घेता येते, पण त्यासाठी जुन्या नळीचे तुकडे जोडून खाचांच्या जागा आणि लांबी आधी कागदावर उतरवा. खाचा चुकल्या तर सगळी मेहनत फुकट.

नळी बाहेर आहे तोवर ब्लॉकच्या बाजूचे वेल्श प्लग (भोकं बुजवणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) काढा आणि आतला गाळ तारेने खरवडून पाण्याच्या जोराने धुवा. मागच्या सिलिंडरांभोवती तो इंच-दीड इंच साचलेला सापडतो. आपल्याकडे बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातल्याने क्षारांचा थरही असतो. त्यासाठी सगळं परत जोडून पाण्यात ५०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड घाला (या गाडीत सुमारे १४ लिटर पाणी बसतं), इंजिन तासभर गरम चालवा, काढा, मग दोनदा साध्या पाण्याने धुवा, त्यातल्या पहिल्या धुण्यात १०० ग्रॅम खाण्याचा सोडा. रेडिएटर आधीच पातळ झाला असेल तर यानंतर गळती उघडी पडेल, त्याची तयारी ठेवा. पुढे कायम डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट.

थर्मोस्टॅट परत बसवा, ७१ अंशांचा. तो काढल्याने उन्हाळ्यात काहीही फायदा होत नाही, कारण एवढ्या तापमानाला तो तसाही पूर्ण उघडा असतो. हिवाळ्यात मात्र इंजिन नीट गरम होत नाही, ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि गाळ धरतो.

खालचा होजपाइपही दाबून बघा. पंप पाणी खेचतो तेव्हा मऊ पाइप आत चिकटतो आणि वाट बंद होते. त्यात तारेची स्प्रिंग असायला हवी, पाइप बदलताना गॅरेजवाले ती बहुधा फेकून देतात. रेडिएटरला आजच्या गाडीचं १३ पौंडी झाकण लावू नका, जुन्या झाळणाचे जोड फुटतील.

टायमिंग उशिरा असेल तरी इंजिन तापतं. मॅनिफोल्डला व्हॅक्युम गेज लावा आणि आयडलला काटा १८ ते २० इंचांवर स्थिर बसेपर्यंत डिस्ट्रिब्युटर फिरवा, मग चढावर पिंगिंग (जोर पडल्यावर येणारा टिणटिण आवाज) येत नाही ना ते बघा.

एवढं करूनही मे महिन्यात दुपारी गाडी काढू नये, असं आमचं मत आहे. पाणी ८५ अंशांवर धरलं तर २५ अंशांच्या हवेत रेडिएटरला ६० अंशांचा फरक मिळतो, ४५ अंशांच्या हवेत ४०चाच. म्हणजे उष्णता टाकण्याची ताकद एक तृतीयांशाने घटते, आणि या रेडिएटरमध्ये तेवढी शिल्लक ठेवलेली नाही. सकाळी नऊच्या आत घरी या.

प्रश्न: सिग्नलला उभी राहिली की माझी १९५१ची शेवरले बंद पडते, मग अर्धा तास सुरू होत नाही. कोणी म्हणतं कॉइल, कोणी म्हणतं नवीन इथेनॉलचं पेट्रोल.
– रा. खो., काटोल

उत्तर: अंदाजाने भाग बदलू नका, बंद पडल्या जागीच दोन मिनिटांत कळतं. एअर क्लीनर काढा, वरून कार्बोरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटल हाताने हलवा. पेट्रोलची पिचकारी आली तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे. मग कॉइलची मधली वायर ब्लॉकपासून पाव इंचावर धरून सेल्फ मारायला सांगा, कोरडं कापड गुंडाळून. निळा, कडक करंट हवा. पिवळा किंवा काहीच नाही तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन मरतो आहे. पिचकारी आली नाही तर पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली तर व्हेपर लॉक, म्हणजे पाइपात पेट्रोलची वाफ.

व्हेपर लॉकचं न दिसणारं कारण एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर असतं. तिथे वजन लावलेली एक छोटी दांडी आहे, हीट रायझर. थंडीत ती गरम धूर इनटेककडे वळवते, इंजिन तापल्यावर स्प्रिंग ढिली पडून झडप उघडते. सत्तर वर्षांत ती बंद अवस्थेतच जाम झालेली असते, आणि मग कार्बोरेटरचा तळ सतत शेकत राहतो. गार इंजिनावर दांडी हलते का बघा. नसेल तर गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या आणि हलक्या हातोडीने मागेपुढे ठोका. नागपुरात ती तारेने कायम उघडी बांधली तरी काही बिघडत नाही, हिवाळ्यात दोन मिनिटं चोक जास्त लागेल इतकंच.

आता इथेनॉल. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते. कार्बोरेटरमधला जुना जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) तसाच ठेवला तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं, आणि पातळ मिश्रणाने इंजिन तापतं, आयडलला अडखळतं. मेन जेटचा व्यास तीन-चार टक्क्यांनी, म्हणजे साधारण दोन थाऊंनी वाढवला की भरपाई होते. जेट भोकसू नका, मापाचा नवा घ्या आणि जुना जपून ठेवा. रबराचं काय ते वेगळं. जुन्या पंपाचा डायफ्राम आणि काळे रबरी पाइप इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात आणि त्यांची भुकटी फ्लोटच्या नीडलखाली अडकते. पाइप व्हिटॉनचे (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे) घ्या, डायफ्राम इथेनॉल चालेल असं स्पष्ट लिहिलेला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा. अर्धी टाकी हवेतला ओलावा ओढते आणि पत्र्याला आतून गंज लागतो.

ऑक्टेनची काळजी सोडा. साडेसहाच्या आसपास कॉम्प्रेशनच्या या इंजिनाला आजचं कुठलंही पेट्रोल पुरतं.

प्रश्न: डॉजच्या डाव्या बाजूच्या चाकाचे बोल्ट सुटत नाहीत. दोन पाने मोडले.
– ना. मे., वाडी

उत्तर: उलट फिरवा. डॉज, प्लिमथ, डिसोटो यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर ते सुटतात. बोल्टच्या तोंडावर बहुधा इंग्रजी ‘एल’ असतो. आता आटे ताणले गेले असतील, सगळे काढून तपासा. मागचा ड्रम काढायचा झाला तर तो एक्सलच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो, त्याला पुलरच लागतो. एक्सलच्या टोकावर हातोडा मारला तर आतल्या बेअरिंगची वाट लागते. बसवताना एक्सलचा नट किमान १४५ फूट-पौंड, म्हणजे २० किलोग्रॅम-मीटर, आणि स्प्लिट पिन नवीन.

प्रश्न: सहा व्होल्टची गाडी सकाळी फार हळू फिरते. सगळे बारा व्होल्ट करायला सांगतात. करावं का?
– वि. ठा., वर्धा

उत्तर: आधी वायरी मोजा. तेवढीच ताकद मिळवायला सहा व्होल्टला दुप्पट करंट लागतो, म्हणून केबलही जाड हवी. बाजारात मिळणारी बॅटरी केबल बारा व्होल्टच्या गाडीसाठी असते, २५ चौरस मिलिमीटरच्या आसपास. तुम्हाला ५० चौरस मिलिमीटरची हवी. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात तांब्याची वेल्डिंग केबल त्या मापात मिळते, तिला चांगले लग दाबून घ्या.

तपासणी अशी. कॉइलची वायर काढून ठेवा, म्हणजे गाडी सुरू होणार नाही. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या जिवंत खांबावर, दुसरं सेल्फच्या बोल्टवर, आणि सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नये. मग दुसरा खांब आणि सेल्फची बॉडी, इथे ०.२. आकडा जास्त आला तर त्या मार्गातला एकेक जोड उघडून घासा. अर्थची पट्टी रंगावर बसवलेली असते, हा नेहमीचा दोष.

बॅटरी तीन सेलची नागपुरात बांधून मिळते. चार्ज झालेली ६.३ ते ६.४ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना ७ ते ७.४ यायला हवेत. आठ व्होल्टची बॅटरी घालण्याचा सल्ला कोणी दिला तर घेऊ नका. डायनमोचा रेग्युलेटर तिला भरू शकत नाही आणि बल्ब उडतात.

जोडताना ध्रुव तपासा. शेवरलेमध्ये निगेटिव्ह अर्थ, पण या काळातल्या फोर्ड, डॉज आणि प्लिमथमध्ये पॉझिटिव्ह अर्थ. उलट जोडून झालं असेल किंवा डायनमो उघडला असेल तर त्याला पुन्हा ध्रुव द्यावा लागतो. शेवरले आणि प्लिमथमध्ये इंजिन बंद ठेवून रेग्युलेटरच्या बॅटरी आणि आर्मेचर टर्मिनलना वायरचा तुकडा क्षणभर टेकवा, ठिणगी दिसली की झालं. फोर्डची जोडणी वेगळी आहे, तिथे असं करू नका, रेग्युलेटर जळेल.

हे सगळं करूनही बारा व्होल्ट हवेच असतील तर बल्ब, हॉर्न, रेडिओ, पेट्रोल गेज, कॉइल आणि डायनमो सगळ्यांचा विचार करावा लागतो. मूळ सेल्फ बारा व्होल्टवर फिरतो, पण दणक्याने. फ्लायव्हीलच्या दातांना ते मानवत नाही.

प्रश्न: १९४७च्या शेवरलेला टायर कुठून आणू? आणि १५ इंची चाकांना बोलेरोचे चालतील का?
– म. शे., सदर

उत्तर: १९४७च्या गाडीला ६.००-१६ लागतात, तेच जुन्या जीपचं माप. टायरच्या कुठल्याही बऱ्या दुकानात विचारा. फक्त खोल गोट्यांच्या नक्षीचे घेऊ नका, डांबरी रस्त्यावर गुरगुरतात आणि ओल्यात घसरतात. सरळ रेषांचे मागा.

बोलेरोचं २१५/७५ आर १५ उंचीला जवळपास जुळतं, पण त्याला साडेपाच इंच रुंद रिम हवी. १९४९ ते १९५४च्या शेवरलेची रिम पाच इंचांची आहे. २०५/७५ आर १५ घ्या, आणि रिमला रिव्हेट असतील तर रेडियलसाठीची ट्यूब घाला.

प्रश्न: माझ्याकडे १९६२ची इंपाला आहे, २८३ व्ही-एट इंजिन, पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मित्रांसोबत पहाटे आउटर रिंग रोडवर पाव मैल लावायचा विचार आहे. आधी काय तयारी करावी? चिखलदऱ्यालाही न्यायची आहे.
– एक वाचक, मानकापूर

उत्तर: रिंग रोडचा विचार सोडा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम १८९चा गुन्हा आहे, पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पहाटे त्या रस्त्यावर दूधवाले, सायकलवाले आणि उभे ट्रक असतात, आणि तुमची गाडी चार ड्रमवर थांबते.

वेगाची हौस खरीच असेल तर एफएमएससीआय या देशातल्या मोटारस्पर्धांच्या संघटनेच्या मान्यतेने बंद धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग स्पर्धेत उतरा. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. त्यासाठी इंपालाच्या कमजोर जागा ओळखून घ्या. १९५८ ते १९६४च्या इंपालाची चेसिस इंग्रजी ‘एक्स’च्या आकाराची आहे, मधल्या भागात बाजूचे रूळच नाहीत. दरवाजांखालचा पत्रा गंजला असेल तर बॉडी पिळते. प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे आणि मधलं बेअरिंग रबरात बसवलेलं. जोरात सुटताना आधी तेच जातं. बोटाने वरखाली हलवा, रबर फाटलेलं असेल तर धावायचं नाही. पुढच्या युनिव्हर्सल जॉइंटपासून १५० मिलिमीटरच्या आत शाफ्टभोवती पोलादी कडं लावा. शाफ्ट तुटून जमिनीत रुतला तर गाडी उलटते. सीटबेल्ट चेसिसला किंवा जाड प्लेट देऊन फ्लोअरला, नुसत्या पत्र्याला नको. पॉवरग्लाइड दोनच गिअरचा असला तरी त्याला कमी लेखू नका, ड्रॅगवाले तो मुद्दाम वापरतात.

आमचा कौल मात्र टीएसडी (टाइम, स्पीड, डिस्टन्स) रॅलीला आहे. जुनी अमेरिकन गाडी तिथे खुलते. दिलेली सरासरी चाल अचूक राखायची असते, वेग नव्हे. ताशी ३६ किमी म्हणजे दर किलोमीटरला नेमके १०० सेकंद, एवढं डोक्यात ठेवलं की बाकीची गणितं सोपी होतात. तुमचं मीटर मैलांत आहे. महामार्गाच्या दगडांवर १० किमी मोजा आणि किती मैल दाखवतं ते लिहा. ६ मैल दाखवले तर तुमचा गुणक १.६६७. शेवटचं चाक मैलाचा दहावा भाग दाखवतं, म्हणजे १६० मीटर, आणि ३६च्या चालीला ते १६ सेकंद होतात. तेवढ्यात स्पर्धा हातची जाते. म्हणून आकडा अर्धा फिरला की पाव, हे डोळ्याने वाचण्याचा सराव शेजारी बसणाऱ्याला हवा.

अमेरिकेत शर्यतीही फक्त मोठ्या इंजिनांनी जिंकलेल्या नाहीत. हडसन हॉर्नेट साइड व्हॉल्व्ह सहा सिलिंडरवर १९५१ ते १९५३ची नॅसकार शर्यतमालिका गाजवत होती, कारण तिचा तळ चेसिसच्या आत खाली बसवलेला होता आणि वळणावर ती झुकत नव्हती.

चिखलदऱ्याला जाण्याआधी ब्रेकचे तिन्ही रबरी पाइप बदला, पुढचे दोन आणि मागच्या एक्सलचा एक. तुमच्या गाडीत ब्रेकचा एकच सर्किट आहे, एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. फ्लुइड डॉट ३, दर दोन वर्षांनी नवं, कारण ते पाणी शोषतं आणि ते पाणी तापून वाफ झालं की पेडल तळाला जातं. ड्रम लेथवर घासून मूळ मापापेक्षा ६० थाऊंहून मोठा झाला असेल तर वापरू नका. परतवाड्याकडे उतरताना सिलेक्टर ‘एल’वर, ताशी ४०च्या खाली, आणि ब्रेक दाबून न धरता दाबा, सोडा. वास आला की थांबा, पण ड्रमवर पाणी ओतू नका.

प्रश्न: २१६ इंजिनाला ऑइल कोणतं?
– ग. इं., हिंगणा

उत्तर: ट्रकच्या दुकानात मिळणारं सीआय-४ प्रतीचं १५डब्ल्यू-४० चालतं, पावणेपाच लिटर. मात्र इंजिन कित्येक वर्षं उघडलं नसेल तर आधी ऑइलपॅन उतरवून गाळ काढा. आजचं ऑइल जुना गाळ सोडवतं आणि तो रॉडला ऑइल मारणाऱ्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. टॅपेटची फट गरम इंजिनावर, इनटेक ६ ते ८ थाऊ, एक्झॉस्ट १३ ते १५. मूळ ४.११ डिफरन्शियलवर ताशी ८०ला इंजिन अडीच हजारांच्या आसपास फिरतं, तिथेच थांबा. समृद्धीवर १२०ची मुभा आहे म्हणून डिपरच्या इंजिनाला तिकडे पळवू नका.

प्रश्न: पावसात चढ चढताना वायपर थांबतात. मोटर खराब आहे का?
– श्री. का., रामटेक

उत्तर: मोटर विजेची नाहीच. ती इंजिनाच्या व्हॅक्युमवर चालते आणि चढावर थ्रॉटल उघडला की व्हॅक्युम संपतो. म्हणूनच पेट्रोल पंपात दुसरा डायफ्राम दिला होता, जो अशा वेळी व्हॅक्युम पुरवतो. तुमचा तो फाटला असणार. फाटल्याची दुसरी खूण म्हणजे निळा धूर, कारण त्या फटीतून इंजिन आपलंच ऑइल ओढतं. पंपाचं दुहेरी किट मागवा. एकेरी पंप बसवून वायपरचा पाइप बुजवणं गॅरेजवाल्यांना सोपं पडतं, तसं होऊ देऊ नका. मग मॅनिफोल्डपासून मोटरपर्यंतचा रबरी पाइप बदला आणि मोटरच्या पाइपात शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब टाकून ती कोरड्या काचेवर नव्हे, ओल्या काचेवर चालवून बघा.